मोगरीखालचा हात

मित्रांनो, आधी माझ्या पोटात हात घालून बघा. घाबरू नका, वर मोगरी नाही. ती तिकडे भिंतीला टेकून वाळते आहे. तळ गुळगुळीत लागला ना? आता हात हळूहळू वर आणा आणि काठावरून फिरवा. एका जागी बोट अडकेल. तिथे एक खाच आहे, मोठ्या माणसाचा अंगठा बसेल एवढी. लोक मला बघायला येतात तेव्हा आधी माझ्या लाकडाचे कौतुक करतात आणि मग खाच दिसली की हळहळतात. "अरेरे, एवढं चांगलं उखळ, कोणी तोडलं?" असे म्हणतात. मला मात्र त्या खाचेचा जरासुद्धा राग नाही. ती पडली नसती तर आज मी या दुकानात नसतो. कुठल्या तरी हॉटेलच्या दारात, पोटात माती भरून, फुलझाडे सांभाळत बसलो असतो.

मी केयाकी नावाच्या झाडाच्या खोडातून कोरलेले जुने उखळ आहे. ताजिमाच्या डोंगरात, जिथे हिवाळ्यात बर्फ खिडकीपर्यंत येते, तिथल्या एका लहान गावात इसोगाई घराण्याचे मिठाईचे दुकान आहे. दुकानाच्या पुढच्या भागात, रस्त्यावरून दिसेल असा मी बसलेलो असतो. चिकट तांदूळ वाफवून माझ्यात कांडले की मऊ, लांबणारा, पांढराशुभ्र गोळा तयार होतो. त्याला आमच्याकडे मोची म्हणतात. नावावर जाऊ नका, चपलांशी त्याचा काही संबंध नाही. नव्या वर्षाला मोची नसेल तर आमच्याकडे वर्ष लागल्यासारखे वाटत नाही.

माझा जन्म मोठा सावकाश झाला. ज्या माणसाने माझे झाड तोडले त्याने मला कोरले नाही. केयाकीचा ओंडका सावलीत, वळचणीखाली, वर्षानुवर्षे सुकवावा लागतो. घाई केली, ऊन लागू दिले, की तो तडकतो आणि मग चुलीत घालण्याच्याच लायकीचा उरतो. माझे झाड तोडणारा म्हातारा मी सुकण्याची वाट बघत बघत देवाघरी गेला. त्याच्या मुलाने वाकस हातात घेतला आणि मला पोट दिले. मला आठवते, कोरताना तो मधूनमधून थांबायचा आणि माझ्या अंगावर हात ठेवून म्हणायचा, "बाबा, छान सुकवलंत हो." आणि अंगणात त्याने स्वतः तोडलेला दुसरा ओंडका ठेवलेला होता. तो कोणासाठी, असे कोणी विचारले तर तो आपल्या रांगणाऱ्या मुलाकडे बोट दाखवायचा. तेव्हा मला वाटायचे, सगळ्याच वस्तू अशाच तयार होत असतील.

मित्रांनो, माझे काम एकट्याने होत नाही. दोन माणसे लागतात. एक जण मोगरी उचलून मारतो. दुसरा शेजारी गुडघे टेकून बसतो आणि मोगरी वर गेली की ओल्या हाताने गोळा उलटून आत दुमडतो. मोगरी वर, हात आत. हात बाहेर, मोगरी खाली. "योइशो!" म्हणून मारणारा आरोळी देतो, "हं!" म्हणून हात घालणारा उत्तर देतो, आणि हे इतक्या भराभर चालते की बघणारी लहान मुले डोळे मिटून घेतात. बघणाऱ्यांना वाटते, मारणारा शूर. पण हात घालणारा कधी वर बघत नाही, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

दुकानात एक रीत होती. कोणी ती लिहून ठेवली नव्हती. नवा माणूस आला की मोगरी उचलायचा. पुढे खांदा दुखायला लागला की तो माझ्या शेजारी बसून हात घालायचा, आणि मोगरी त्याच्यापेक्षा तरुण माणसाकडे जायची. शिगेकी नावाता हा असाच शाळा संपवून आला होता. गालावर मुरमे, दंड बारीक, आणि आवाज मात्र असा की समोरच्या न्हाव्याच्या दुकानातली गिऱ्हाइके दचकायची. तेव्हा हात घालायला ओकिनो नावाचे वयस्कर कारागीर होते. पहिल्याच दिवशी नावाताची मोगरी वरच अडून राहिली तेव्हा ते म्हणाले होते, "अरे, हात माझा आहे, भीती तुला कशाला?" पुढे ओकिनो निवृत्त झाले. दुकानाने त्यांना हार, घड्याळ, मेजवानी, सगळे दिले. आणि लगेच पुढच्या महिन्यापासून त्यांची पेन्शन सुरू झाली. ते रोज सकाळी काठी टेकत यायचे, एक मोची खायचे, नावाताच्या मारण्यात खोड काढायचे आणि समाधानाने घरी जायचे.

तुमच्याकडे कोणाचा फायदा झाला की त्याचे उखळ पांढरे झाले म्हणतात ना? माझे तर रोजच पांढरे व्हायचे. फायदा कोणाचा होत होता ते मला सांगता येणार नाही, पण त्या वर्षांत कोणी उपाशी राहिला नाही एवढे खरे.

मग काळ पालटला. नावाताचा खांदा गेला, तो माझ्या शेजारी बसला आणि नावाला मानाचे 'सान' लागून नावाताचा नावातासान झाला. पण मोगरी उचलायला जी तरुण मुले यायची ती आता एकेक वर्षाच्या करारावर यायची. हात कुठे, मोगरी कुठे, हे जमेपर्यंत वर्ष संपायचे आणि पोरगा दुसरीकडे जायचा. दर वसंतात नावातासान नव्या मोगरीखाली हात घालायचे. त्यांच्या करंगळीचे नख तेव्हाच कायमचे गेले.

आणि मग चिहारु आली. ही मोगरी उचलणार, असे दुकानाच्या मालकीणबाईंनी सांगितले तेव्हा न्हाव्याने रस्त्यापलीकडून विचारले, "मोगरी हिला उचलणार नाही ना?" चिहारु त्याच्याकडे वळून म्हणाली, "तुमचा वस्तरा धरायला मी येत नाही ना? मग माझी मोगरी मला धरू द्या." नावातासान तोंडावर हात ठेवून हसले. ही पोरगी टिकणार, हे मला त्या दिवशीच कळले. ती टिकलीसुद्धा. करार मात्र दर वर्षी नवा व्हायचा.

नावातासान साठीला पोचले. आमच्याकडे साठीला निवृत्ती आणि पेन्शन पासष्टीला. मधली पाच वर्षे माणसाने काय खायचे, हे विचारायचे ठरवणाऱ्यांकडून बहुधा राहून गेले. म्हणून मग निवृत्त माणसाला पुन्हा वर्षाच्या करारावर ठेवतात. काम तेच, पगार कमी. नावातासानना निरोप देण्याचा समारंभ झाला. फुले दिली, फोटो काढला, मालकीणबाईंचे भाषण झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता नावातासान तोच एप्रन बांधून दारात हजर.

चिहारु कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काल तुमच्यासाठी मी ढसाढसा रडले."

"मला माहीत आहे. नाक लाल झालं होतं तुझं."

"मग माझे अश्रू परत करा!"

"पासष्टीला देईन, व्याजासकट," असे म्हणून ते गुडघे टेकून माझ्याजवळ बसले. मोगरी तीच, हात तोच, गोळाही तसाच मऊ झाला. फक्त पगाराच्या दिवशी नावातासान पाकीट न उघडताच खिशात ठेवायला लागले.

नावातासानच्या घरी त्यांची आई होती, किनुए आजी. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, कानाने बहिरी, जिभेने तिखट. तिला पेन्शन मिळायची. मुलाला अजून मिळत नव्हती. आणि चिहारुच्या पगारातून दर महिन्याला पेन्शनचा हप्ता कापला जायचा. या गोष्टीवर दुपारच्या चहाला दोघांची थट्टा चालायची.

"माझे पैसे तुमच्या आईंना पोचतात म्हणे. पोचतात ना?"

"पोचतात. काल तिने खेकडा आणला त्यातून."

"चवीला कसा होता तेवढं सांगा. माझ्या पैशाचा होता."

दुसऱ्या दिवशी नावातासानच्या डब्याशेजारी एक वेगळी डबी होती. तिच्यात खेकड्याची एक जाडजूड नांगी, आणि आजीचा निरोप: गोड होता. चिहारुने नांगी फोडून शेवटच्या धाग्यापर्यंत खाल्ली. खाताना म्हणाली, "माझी पाळी येईल तेव्हा त्या तिजोरीत कोळ्याची जाळी असतील." हे थट्टेत म्हटले होते, पण नावातासान हसले नाहीत.

कारण रेडिओवर रोज तेच चालले होते. एक शहाणा म्हणायचा, म्हातारे जागा अडवून बसलेत, तरुणांनी जायचे कुठे? दुसरा म्हणायचा, तरुणांना कष्टच नकोत, म्हाताऱ्यांनी देश उभा केला. दोघे जण रेडिओतून असे भांडायचे आणि इकडे आमच्या दुकानात दोघे जण गप्प होऊन माझ्याकडे बघत काम करायचे. एकदा नावातासान उठले आणि रेडिओ बंद करून आले. पण ऐकलेले ऐकू न आल्यासारखे होत नाही. माझ्यासारख्या पोकळ वस्तूला ते चांगले ठाऊक आहे. तेव्हापासून एक जण दुसऱ्याकडे बघायचा तो जरा अपराध्यासारखा. आपण हिच्या वाटची जागा खातो, असे त्यांना वाटायचे. आपण यांच्या म्हातारपणावर टपून बसलो आहोत, असे तिला वाटायचे. खरे तर ज्यांनी हा पेच घातला ते तिसरेच कोणी होते, आणि त्यांना मोची कशी कांडतात हेसुद्धा माहीत नसावे.

नावातासान बासष्टचे झाले त्या शरदात शहरातून एक सल्लागार आला. चकचकीत बूट, हातात मोची कांडणाऱ्या यंत्राचे चित्र. मालकीणबाईंच्या खोलीचे दार माझ्या पाठीमागेच आहे आणि ते नीट लागत नाही. तो म्हणाला, "मुलीला पाच वर्षं होतायत. तिने मागितलं तर कायद्याने कायम करावं लागेल. म्हाताऱ्याचा करार मार्चमध्ये संपतो. दोघं परवडणार नाहीत तुम्हाला. एकाला ठेवा."

इसोगाई मालकीणबाई वाईट नव्हत्या, मित्रांनो. नवरा गेल्यापासून त्या दुकान एकट्या ओढत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघांना चहा दिला आणि बाहेर बघत म्हणाल्या, "पुढच्या वर्षी जरा विचार करावा लागेल." आमच्याकडे एवढे बोलले की पुरते. दोघांनीही मान लववली आणि चहा थंड झाला.

दोन दिवसांनी चिहारु वाण्याकडे तांदूळ बघायला गेली होती तेव्हा नावातासान त्या दारात जाऊन उभे राहिले.

"पोरीला कायम करा, मालकीणबाई. मार्चनंतर मी करार करत नाही."

"आणि तुम्ही काय करणार?"

"पेन्शन आत्ताच सुरू करून घेतो. लवकर घेतली तर कापून देतात, पण देतात."

"ती कापलेली जन्मभर कापलेलीच राहते, नावातासान."

"माझा जन्म आता असा किती उरलाय?"

"तुमच्या आई अठ्ठ्याऐंशीच्या आहेत."

नावातासाननी मान खाजवली. मग म्हणाले, "तिला सांगू नका एवढं. कळलं तर हट्टाला पेटेल. वर्षअखेरची कांडणी होऊ दे, मग मीच सांगेन." मालकीणबाईंनी शब्द दिला.

आता पुढचे ऐका. आठवडा उलटला नाही तोच नावातासान आईला दवाखान्यात घेऊन गेले असताना त्याच दारात चिहारु उभी.

"मला किनाऱ्यावरच्या पावाच्या कारखान्यात काम मिळतंय. नावातासानना पासष्टीपर्यंत राहू द्या."

"कायमचं मिळतंय?"

"सहा सहा महिन्यांचं. रात्रपाळी आहे."

"आणि तुझं लग्न?"

चिहारुचे लग्न तात्सुया नावाच्या बोटी दुरुस्त करणाऱ्या मुलाशी ठरले होते. तिची नोकरी कायम नाही म्हणून घर मिळत नव्हते, आणि घर नाही म्हणून लग्न दोनदा पुढे गेले होते. ती म्हणाली, "तात्सुयाला थांबायची सवय झालीय." आणि मग तेच, अगदी तेच शब्द. "त्यांना सांगू नका. मनाला लावून घेतील. कांडणी झाली की मी सांगते."

मालकीणबाईंनी तिलाही शब्द दिला. मी तेव्हा मनात ओरडत होतो, अहो बाई, दोघांना एकत्र बोलवा! पण उखळाचे कोण ऐकतो? आणि आमच्याकडची रीतच अशी. दुसऱ्यावर आपला भार पडू नये म्हणून माणसे स्वतःचा घास बाजूला ठेवतात आणि ठेवला हे सांगतसुद्धा नाहीत. दिलेला शब्द मोडणे त्याहून लाजिरवाणे. सल्लागाराला कळले तेव्हा तो टाळी देण्याच्या बेतात होता. "दोघंही आपणहून? बाई, याला नशीब लागतं! आता यंत्रच घ्या." मालकीणबाईंनी यंत्राच्या कागदावर शिक्का उठवला. तो गेल्यावर त्या बाहेर आल्या, माझ्या काठावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि पदरानेच, म्हणजे आपल्या एप्रनच्या टोकाने, डोळे पुसत मला पुसू लागल्या. मी स्वच्छच होतो.

वर्षअखेरची कांडणी आमच्याकडे अठ्ठावीस डिसेंबरला. एकोणतीसला कोणी कांडत नाही, अशुभ मानतात. आदल्या संध्याकाळी नावातासाननी नेहमीप्रमाणे माझ्या पोटात काठोकाठ पाणी भरून ठेवले. कोरड्या उखळात कांडले तर लाकूड दुखावते. सकाळी सगळी आळी दुकानासमोर जमली. बर्फ बाजूला सारले, चुलीवर तांदळाची भांडी चढली, वाफेने न्हाव्याच्या दुकानाची पाटी दिसेनाशी झाली. किनुए आजी चाकांच्या खुर्चीत, दोन ब्लँकेटांत गुंडाळलेली, सगळ्यांत पुढे होती. पहिला घास तिचा, हे ठरलेलेच.

पहिले भांडे माझ्यात रिकामे झाले. "योइशो!" "हं!" सुरू झाले. आणि मला लगेच कळले की काहीतरी चुकते आहे. चिहारुची मोगरी हलकी पडत होती. ही शेवटची कांडणी, या हाताला जाता जाता लागू नये, असे काहीतरी तिच्या मनात असावे. आणि नावातासानचा हात गोळ्यावर जरा जास्त रेंगाळत होता. शेवटची खेप म्हणून ते तांदळाचा मऊपणा बोटांत साठवून घेत होते. ती जपत होती, ते रेंगाळत होते, आणि इतक्या वर्षांचा ताल सुटत चालला होता.

"नीट मार की! झोप झाली नाही का?" नावातासान खालूनच म्हणाले.

"मारतेय ना!" असे म्हणून चिहारुने मोगरी पुरती उचलली. त्याच क्षणी नावातासान वर बघायला लागले. इतक्या वर्षांत कधी नाही ते त्यांनी वर बघितले. त्यांचा हात आतच होता. चिहारुने ते पाहिले आणि सगळे अंग पिळून मोगरी बाजूला ओढली. ती काड्कन माझ्या काठावर बसली. माझा एक तुकडा उडून पांढऱ्या गोळ्यात रुतला.

चिहारु मोगरी टाकून खाली बसली आणि त्यांचा हात धरून बोटे मोजायला लागली.

"आहेत, आहेत, पाचही आहेत," नावातासान म्हणाले. "चूक माझी. हात जागेवर नव्हता."

"चूक माझी. माझं लक्ष नव्हतं."

"तुला आता कसली काळजी? एप्रिलपासून कायम होणार तू. माझ्यामागे नीट कांडत जा, म्हणजे झालं."

"तुमच्यामागे? तुम्ही कुठे जाताय?"

"मार्चनंतर मी येत नाही. सांगणारच होतो आज."

"तुम्ही कसे जाल? जातेय तर मी! पावाच्या कारखान्यात! तुम्ही राहावं म्हणून तर..."

"कोणी सांगितलं होतं तुला?"

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

किनुए आजीला काही ऐकू येत नव्हते. तिने न्हाव्याची बाही ओढली. "काय म्हणतायत? कोण चाललंय?"

न्हावी तिच्या कानात ओरडला, "दोघंही!"

आजीने एकदा मुलाकडे पाहिले, एकदा चिहारुकडे, एकदा माझ्याकडे. मग सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात न्हाव्याला म्हणाली, "मग कांडणार कोण? तू?"

कोणीतरी फिसकन हसले, आणि मग सगळेच. चिहारु हसता हसता रडायला लागली. नावातासान तिच्या डोक्यावर आपला ओला, भाताने माखलेला हात ठेवून बसले होते आणि तिच्या केसांना मोची लागते आहे हे दोघांच्याही लक्षात नव्हते. मालकीणबाई वाफेतून पुढे आल्या आणि सगळ्यांदेखत कमरेत वाकल्या, पार कपाळ गुडघ्याला लागेपर्यंत. "मी दोघांचा शब्द पाळला," त्या म्हणाल्या, "आणि दोघांनाही फसवलं. मला माफ करा."

तेव्हा नावातासान म्हणाले, "मालकीणबाई, दुसरं भांडं उतरवा. भात निवतोय."

तुकडा पडलेला गोळा टाकून द्यावा लागला. माझ्या काठाला फडके बांधले. दुसरा भात आला. या वेळी चिहारुने मोगरी उचलली ती खांद्याच्या वर, आणि नावातासान वर बघेनात. त्या दिवशीच्या मोचीसारखी मोची मी पुन्हा पाहिली नाही. पहिला घास किनुए आजीला दिला. म्हाताऱ्या माणसाच्या घशात मोची अडकते, म्हणून चिहारुने तो अगदी बारीक बारीक कापून दिला. आजी म्हणाली, "खेकड्याची परतफेड झाली."

पुढे सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. यंत्र आलेच, कागदावर शिक्का उठला होता ना. ते कोपऱ्यात घरघरत असते आणि रोजची साधी मोची करते. पण मालकीणबाईंनी सल्लागाराला पुन्हा बोलावले नाही. त्या तिघांनी माझ्याभोवती बसून, पहिल्यांदाच सगळे एकमेकांसमोर बोलून, मार्ग काढला. चिहारु कायम झाली, पण पगार तिने मनात धरला होता त्याहून कमी. नावातासान आठवड्यातून तीन दिवस यायचे. त्या दिवसांचा दर मात्र साठीच्या आधीचाच, कारण हात तोच होता. पेन्शनला त्यांनी पासष्टीपर्यंत हात लावला नाही. उरलेल्या दिवशी मालकीणबाई स्वतः गुडघे टेकून हात घालायला शिकल्या, आणि दुकान बुधवारी बंद राहू लागले. तिघांचेही थोडे थोडे कमी झाले. चिहारु आणि तात्सुयाला मात्र घर मिळाले, लग्नही झाले, आणि लग्नात नावातासान इतके रडले की चिहारु म्हणाली, "चला, अश्रू फिटले. व्याज राहिलं."

आता नावातासानना त्यांची पेन्शन मिळते, पुरती. ते सकाळी येतात, एक मोची खातात, खोड काढतात. चिहारुचा खांदा अलीकडे कुरकुरायला लागला आहे. परवा मोगरी तिने एका नव्या मुलीच्या हातात दिली आणि पहिल्यांदा माझ्या शेजारी गुडघे टेकले. नव्या मुलीने मोगरी अर्ध्यावरच धरली. चिहारुचाही हात आत जाईना.

"वर बघू नकोस, पोरी," बाकावरून नावातासान म्हणाले. "तू वर बघितलंस की तिला वाटतं, आपल्यावर भरवसा नाही."

चिहारुने मान खाली घातली. हात ओला केला. मोगरी वर गेली आणि हात आत गेला.

तुम्ही आता निघाल, मित्रांनो. माझी काळजी करू नका. पाणी भरणारे हात इथे आहेत. पण जाताना मागच्या दाराने जा. तिथे वळचणीखाली केयाकीचा एक नवा ओंडका ठेवला आहे. चिहारु, नावातासान आणि मालकीणबाईंनी मिळून तो डोंगरातून आणला. त्याचे उखळ होईल तेव्हा नावातासान नसतील, मालकीणबाई नसतील, चिहारुसुद्धा बाकावर बसून खोड काढत असेल. त्यात कोण कांडणार आहे हे कोणालाच माहीत नाही. तो कदाचित अजून जन्मलेलाही नाही. त्या ओंडक्यावरची ताडपत्री वाऱ्याने सरकते. सरकलेली दिसली तर तेवढी नीट ओढून घ्या. त्याला ऊन लागू देऊ नका.